कौल आला की आलं

घड्याळकाकांच्या घरात सात बादल्या होत्या. त्यातली एक आंघोळीची. बाकीच्या सहा छपराच्या नोकरीत होत्या. पावसाची सर आली की पत्र्याच्या कुठल्या भोकाखाली कोणती बादली ठेवायची, हे त्यांच्या ताईला तोंडपाठ होतं. ताई गुडघ्यांनी अधू, पण या एका कामाला वाऱ्यासारखी उठायची. मग सहा बादल्यांत सहा निरनिराळ्या सुरांत थेंब पडू लागत.

"ऐक ताई, ठेका धरलाय," काका म्हणत.

"ठेका तू धर," ताई म्हणे. "मी बादली धरते."

माणूस तसा देवभोळा आणि गोड. सत्तावन्न वर्षांचे, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. चौकात घड्याळदुरुस्तीचं अरुंद दुकान. दुकानात चाळीसेक घड्याळं आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. त्यामुळे किती वाजले हे विचारायला त्या दुकानात कोणी शिरत नसे. काका कोणत्याही घड्याळाचं पोट उघडून पाच मिनिटांत दुखणं सांगत. माणसाच्या मनातलं मात्र त्यांना समोर लिहून ठेवलं तरी कळत नसे. देणारा एका हाताने भरभरून देतो आणि दुसरा हात पाठीमागे का ठेवतो, ते त्याचं त्यालाच माहीत.

आणि या खेपेला तर खरोखरच समोर लिहून ठेवलेलं होतं. म्हणून तर घोटाळा झाला.

त्याच रस्त्यावर चार दुकानं सोडून शिवणवाल्या बाई राहत. खाली मशीन, वर भाड्याची खोली. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, नवरा फार लवकर गेलेला, आणि बोलणं कात्रीसारखं, सरळ रेषेत चालणारं. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ वर्षभरात चार वेळा काकांकडे दुरुस्तीला आलं. पहिल्या दोन वेळा ते खरंच बिघडलेलं होतं. दर वेळी सोबत खाकी कागदाचा कपटा असे, कापडाचे नमुने कापून उरलेल्या कागदाचा, आणि त्यावर पेन्सिलीने तारेसारखा मजकूर: "पुढे पळते. बघावे." नाहीतर, "ठोके जास्त देते. समज द्यावी." खाली नाव नाही. नावाची गरजच नव्हती. काकांनी ते चारही कपटे छोट्या स्क्रूंच्या डबीत घडी घालून जपले होते.

चौथ्या वेळी काकांनी आठ दिवस घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं.

"घड्याळ उत्तम आहे. आता ते तुम्ही आमच्या घरी लावलंत, तरी चालेल."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्या घरी चालेल आणि माझ्या घरी बंद पडेल, असं काही आहे का?"

"नाही, तसं नाही. घड्याळाबरोबर तुम्हीही..." काका एवढंच म्हणाले, आणि डोळ्याला लावलेलं भिंग निसटून टेबलावर पडलं.

मग बाईंना कळलं. त्यांनी भिंग उचलून काकांपुढे ठेवलं. चाळीस घड्याळं मात्र बोलत होती.

"त्या गळक्या घरात?" त्या शेवटी म्हणाल्या. एकदा त्या ताईंना उशांचे अभ्रे द्यायला गेल्या होत्या, तेव्हा कोऱ्या अभ्र्यावर थेंब पडला होता. ते त्या विसरल्या नव्हत्या. "माणूस भिजला तर वाळतो हो. कापडाला डाग पडतो."

"पत्रे काढतोय ना!" काका घाईघाईने म्हणाले. "काँक्रीटची कौलं घालतोय. मिस्त्री मंगळवारपासून येतोय. वखारीत दोन रंग आहेत. लाल घ्यावीत की राखाडी?"

"कौलांचं तुम्ही बघा," बाई उठत म्हणाल्या. "माझा कौल मी पुढच्या सोमवारी कळवते."

आणि हसल्या. काकांनी गंभीरपणे "बरं" म्हटलं. त्यातली गंमत त्यांना दुपारी समजली, एका गिऱ्हाइकाच्या मनगटाला पट्टा बसवताना, आणि ते एकटेच इतक्या मोठ्याने हसले की त्या गृहस्थाने हातच काढून घेतला.

कौलं लाल निवडली.

मिस्त्री बायकोला घेऊन कामावर आला. त्याला गळा होता. संध्याकाळी जिथे कुठे देवाची कथा गाऊन सांगत असतील, तिथे हा मागे झांज घेऊन उभा. आणि दिवसा त्याच चाली छपरावर. बायको शिडीच्या पायथ्याशी. ती कौल वर देताना ओरडे, "आलं!" वरून हा म्हणे, "घेतलं!" आलं, घेतलं, आलं, घेतलं, असं धृपद सकाळपासून चालू. मधेच तो एखादी तान घेई, तेव्हा बायको खालून म्हणे, "तान मारा, पण कौल सोडू नका. खाली मी आहे."

दोन दिवसांत पत्रे उतरले, किडलेले वासे बदलले गेले आणि नव्या आडव्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, ठोकल्या गेल्या. काका दुकानात जाण्याआधी रोज अर्धा तास मान वर करून उभे राहत. मिस्त्रीलाही शिकवायची हौस. कौलाच्या पाठीला वरच्या अंगाला दोन बोंडं असतात, ती रिपेवर अडकवायची. कडेला खाच असते, शेजारचं कौल त्या खाचेवर बसवायचं. सुरुवात खालून, वळचणीपासून, उजवीकडून डावीकडे. घालण्यापूर्वी बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर आत तडा.

"आणि एक नेम कधी मोडायचा नाही," मिस्त्री म्हणाला. "पुढच्या उतारावर एक ओळ घातली की मागच्या उतारावर एक ओळ. हे काँक्रीट आहे काका, पत्रा नव्हे. सगळं ओझं एका बाजूला चढवलं तर माथ्यावरची तुळई, आढं, त्या बाजूला कलतं. संसारासारखंच आहे."

"संसाराचं राहू द्या, कौल घ्या," बायको म्हणाली. "आलं!"

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही उतार निम्म्याच्या वर भरले. एक अडचण निघाली. अगदी माथ्यावर, आढ्याच्या रेषेवर बसणारी अर्धगोल कौलं वखारीत लाल रंगात शिल्लक नव्हती. मिस्त्रीने वखारवाल्याला सांगून ठेवलं की कुठून मिळाली तर पाठव, नाहीतर मालकाच्या दुकानावर निरोप टाक. हे त्याने काकांच्याही कानावर घातलं. काकांनी मान डोलावली. त्यांच्या कानात तेव्हा फक्त सोमवार वाजत होता.

शनिवारी सकाळी काकांनी दुकानाचं शटर वर ढकललं, तर फटीतून आत सरकवलेली चिठ्ठी. खाकी कागद. पेन्सिल. खाली नाव नाही.

"कौल नाही. वाट पाहू नये. दुसरीकडे विचारावे."

काकांनी ती उभ्याने वाचली. मग बसून वाचली. मग भिंग लावून वाचली. भिंगातून "नाही" आणखी मोठं दिसलं.

सिमेंटच्या पोत्यांचा कागदही खाकीच असतो, आणि वखारीतल्या कारकुनाच्या कानावरही पेन्सिल असते, हे त्यांच्या ध्यानात यायला काय हरकत होती? पण ज्याचे कान एकाच दाराशी लागलेत, त्याला कुठलीही टकटक त्याच दाराची वाटते. काकांनी डबीतले चार जुने कपटे काढून शेजारी मांडले. तिकडे "बघावे", इकडे "विचारावे". तिकडे "समज द्यावी", इकडे "वाट पाहू नये". तोच तुटकपणा. फक्त "व" जरा वेगळा होता, पोट फुगलेला. लिहिताना हात कापला असेल बिचारीचा, काकांना वाटलं, आणि त्या परिस्थितीतही त्यांना बाईंचीच दया आली.

मग प्रश्न सुरू झाले. सोमवार म्हणाल्या होत्या, मग शनिवारी का? दोन दिवसही धीर निघाला नाही, इतका पक्का नकार होता? आणि दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे? सत्तावन्नाव्या वर्षी माणूस हे काय दुकानं बदलत विचारत फिरतो? त्यांनी एक मनगटी घड्याळ उघडलं, पुसलं, परत बंद केलं. टेबलावर एक स्क्रू उरला. घड्याळ चालत होतं. स्क्रू कुठला, काही कळेना.

दुपारी ते घरी गेले. वरून ताना चालू होत्या.

"मिस्त्री, थांबवा."

"गाणं?"

"काम. कौल आला."

मिस्त्रीचा चेहरा उजळला. "आलं? गाडी कुठे उभी केलीय?"

"गाडी कशाला येईल? चिठ्ठी आली."

"चिठ्ठी आली म्हणजे कौल आलंच नाही म्हणा."

"तेच सांगतोय. नाही म्हणूनच आला."

मिस्त्रीने हे वाक्य मनात एकदा फिरवून पाहिलं आणि सोडून दिलं. "हात्तिच्या! मग दुसरीकडे बघू की."

काका दचकले. "तुम्हीही तेच म्हणता?"

"मग दुसरं काय म्हणणार? इथे नाही तर तिथे. पलीकडच्या गावात पाहिजे तितकी पडलीत. रंग जरा फिका निघेल, पण एकदा वर बसल्यावर खालून कोण बघतंय?"

"मिस्त्री!" काकांचे कान लालभडक झाले. "रंगाबद्दल एक अक्षर बोलू नका. मला दुसरं कुठलं नको."

"बरं बाबा, नको. मग वाट पाहू. येईल महिन्याभरात."

"वाट पाहू नये असं स्वच्छ लिहिलंय."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. बायकोने आभाळाकडे पाहिलं. "ऊन लागलंय त्यांना," ती हळूच म्हणाली. "कांदा फोडून द्या."

"खाली उतरा," काका म्हणाले. "बास झालं छप्पर. उरलेली कौलं परत पाठवा. कोणासाठी घालायचीत आता?"

"अहो, निदान मागची एक ओळ तरी घालू द्या! पुढची घालून झालीय, मागची राहिलीय. आढं कलेल."

"कलू दे."

आता मालकाचा शब्द. मिस्त्री उतरला. पण हत्यारं मुद्दाम तिथेच ठेवली त्याने. सोमवारी नेतो म्हणाला. मनात म्हणाला, तोपर्यंत देव यांच्या डोक्यात उजेड पाडो.

ताई आतून सगळं ऐकत होती. तिला ठाऊक होतं की भाऊ बाईंना विचारून बसलाय. किंबहुना वर्षभर तीच त्याच्या मागे लागली होती. ती काठी टेकत बाहेर आली.

"काय रे, काय झालं?"

"कौल आला, ताई."

"काय आला?"

"नाही."

"आला नाही?"

"आला. पण नाही."

"अरे, आला की नाही आला?"

"ताई, नाही असा आला!"

ताई खाली बसली. बराच वेळ दोघंही वर बघत राहिली, कारण वर आता बघण्यासारखं होतं. पुढचा उतार निम्म्याहून जास्त लाल, मागचा त्याहून एक ओळ कमी, आणि मधे आढ्याच्या दोन्ही अंगांना उघडं आभाळ, रिपांनी रेघा आखलेलं.

"तिने स्वतः सांगितलं?" ताईने विचारलं.

"लिहून."

"मला काही हे पटत नाही. ती तोंडावर बोलणारी बाई आहे."

"मलाही पटत नाही. पण अक्षर आहे."

"मग जाऊन विचार तिला."

"वाट पाहू नये म्हणाल्यात. दुसरीकडे विचारावे म्हणाल्यात. त्यांना विचारावे असं कुठेच नाही."

ताईने कपाळावर हात मारला.

रविवारी दिवसभर ढग येत-जात राहिले. दुपारी एक सर आली. मोठी नव्हती, पण आता भोकं नव्हती, सरळ आभाळच होतं, आणि आभाळाखाली बादली कुठे ठेवायची हे ताईलाही पाठ नव्हतं. काकांनी तिची खाट भरलेल्या उताराखाली ओढली. तिथेही मधल्या फटीतून तुषार येत होते. ताईने काही न बोलता छत्री उघडली आणि घरात, खाटेवर, छत्री धरून बसली. काका तिच्याकडे बघत होते, पण त्यांना ती दिसत नव्हती. ते चिठ्ठीतला "व" आठवत होते. वर एका वाशाने हळूच कर्र केलं.

सोमवारी सकाळी मिस्त्री आणि त्याची बायको हत्यारं न्यायला आली. दोघं शिडी उचलणार, तेवढ्यात फाटकाशी शिवणवाल्या बाई. इस्त्रीची साडी, आणि कडेला मूल घ्यावं तसं कापडात गुंडाळलेलं काहीतरी. आतून टिकटिक ऐकू येत होती.

काका ओसरीवर दाढी करत बसले होते. अर्धा गाल पांढरा. त्या टिकटिकीवरून त्यांनी घड्याळ ओळखलं आणि वस्तरा गालावरून खाली घेतला. म्हणजे घड्याळही आता दुसऱ्या कोणाकडे न्यायचं असेल. तेवढं सांगायला आल्या असतील. सभ्य बाई आहेत.

बाईंनी आधी छपराकडे पाहिलं. मग मिस्त्रीला विचारलं, "काम थांबलं का हो?"

"थांबवलं," मिस्त्री म्हणाला. "मालक म्हणतात कौल नको. सगळी परत करा म्हणतात."

"नको?" बाईंचा आवाज बारीक झाला. "नको म्हणाले?"

"शनिवारीच म्हणाले."

बाई तशाच उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं. परत फिरल्याही असत्या. पण उघड्या दारातून त्यांना आत ताई दिसली. घरात, खाटेवर, छत्री लावून.

त्या सरळ ओसरी चढून आल्या.

"ताई छत्रीत का बसल्यात?"

"पाऊस आला होता काल," काका म्हणाले.

"आज नाहीये."

"मिटायचं राहिलं," आतून ताई म्हणाली. "आता सवय झालीय."

"तुम्ही कौल नको म्हणालात?" बाईंनी काकांना विचारलं.

"मी?" काका वस्तरा हातात धरून उभे राहिले. "मी कशाला नको म्हणेन? तुम्हीच नाही म्हणालात."

"मी कधी म्हणाले? मी तर आत्ता येतेय. आज सोमवार आहे."

"शनिवारी म्हणालात."

"शनिवारी मी मशीनवरून उठलेसुद्धा नाही!"

काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. बाईंनी ती वाचलीच नाही आधी. शिवणकाम करणाऱ्या माणसासारखी बोटांत चोळून पाहिली, मग नाकाशी नेली. "हा पोत्याचा कागद आहे. दोन पदरी. यावर माझी कात्री चालत नाही. आणि याला सिमेंटचा वास येतोय." मग वाचली. "आणि माझा व असा ढेरपोट्या कधी होता?"

"मला वाटलं हात कापला असेल," काका म्हणाले.

"बघू, बघू इकडे," मिस्त्रीने मान पुढे केली. आणि तो ओसरीच्या कठड्यावर बसलाच. "अहो, ही तर आपल्या वखारीची चिठ्ठी! आढ्याच्या कौलांची! मी नव्हतं का सांगितलं, नसतील तर दुकानावर निरोप टाकेल म्हणून? तरी म्हटलं, चार कौलं मिळाली नाहीत म्हणून कोणी अख्खं छप्पर सोडून देतं का! मी शनिवारपासून आलं का, आलं का विचारतोय, हे आला, आला म्हणतायत. मला वाटलं, यांच्याकडे तसंच बोलत असतील."

मिस्त्रीची बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. आत ताईची छत्री हलत होती. काकांच्या पांढऱ्या गालावरून साबण ओघळून गळ्यापर्यंत आला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला की कोणालाही वाटावं, झालं, गोष्ट संपली.

पण बाई हसल्या नव्हत्या.

"म्हणजे माझा नकार आला असं समजून तुम्ही काम थांबवलंत."

"हो," काका आनंदाने म्हणाले. "लगेच."

"हे छप्पर माझ्यासाठी घालत होतात?"

"हो! तुमच्या कापडासाठी. तुम्ही म्हणाला होतात ना, डाग पडतो."

"आणि ताईंनी कुठे राहायचं?"

काकांनी वस्तरा खाली ठेवला. मग त्यांनी दारातून आत पाहिलं. खाट, छत्री, खाटेखाली साचलेलं पाणी, ताईचे भिजू नयेत म्हणून वर घेतलेले पाय. हे सगळं कालपासून तिथेच होतं. ते त्यांना आत्ता दिसलं.

"एक नकार ऐकला तर म्हाताऱ्या बहिणीच्या डोक्यावरचं काढून घेतलंत," बाई म्हणाल्या. "उद्या संसारात मी दहा वेळा नाही म्हणेन. मग काय, भिंती पाडाल?"

त्यांनी कडेवरचं घड्याळ दुसऱ्या कडेला घेतलं. जाणारं माणूस घेतं, तसं.

या बाई जातायत की थांबल्यात, रागावल्यात की निकाल देऊन मोकळ्या झाल्यात, काकांना काही उमगेना. एक गोष्ट मात्र समजली होती, आणि सध्या तेवढीच होती. ते आत गेले. ताईच्या हातातली छत्री घेतली, मिटली, कोपऱ्यात ठेवली.

"चुकलो, ताई."

"शनिवारपासून बघतेय मी," ताई म्हणाली. "गाल पूस आधी."

त्यांनी बाहीनेच गाल पुसला, बाह्या वर केल्या आणि परत ओसरीवर आले. "मिस्त्री, मागची एक ओळ राहिलीय ना? आढं कलण्याआधी ती घालू या, मग बाकीच्या. माथ्यावर फिकी असली तरी चालतील, पलीकडच्या गावाहून मागवा. मी शिडीवर मधे उभा राहतो, काम लवकर उरकेल."

"तुम्ही? पडाल!"

"पडलो तर खाली वहिनी आहेत."

"मी बाजूला होईन हं," मिस्त्रीची बायको म्हणाली, पण कौल उचलून उभी राहिली.

मिस्त्री वर चढला. काका शिडीच्या मधल्या पायरीवर, एक हात बांबूला घट्ट. पहिलं कौल त्यांच्या हाती आलं आणि ते दोन्ही गुडघ्यांत वाकले. कौल इतकं जड असतं, हे आठवडाभर खाली उभं राहून त्यांना कळलं नव्हतं. तरी त्यांनी त्याला टिचकी मारून पाहिली, आणि वर देत ओरडले, "आला!"

"आलं म्हणा हो!" खालून बायको म्हणाली. "आला-आला करून तर इथवर आलोय."

"आलं," काका म्हणाले. वरून उत्तर आलं, "घेतलं!"

मग दुसरं. मग तिसरं. मिस्त्रीने एक संथ चाल धरली, दमलेल्या माणसाला झेपेल अशी. बाई अजून ओसरीवरच उभ्या होत्या. पाचव्या-सहाव्या कौलाला त्या आत गेल्या. घड्याळ त्यांनी ताईच्या खाटेवर, कोरड्या बाजूला, अलगद ठेवलं. मग खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन त्या वर पाहू लागल्या. मागच्या उताराखाली, खिडकीपासून जरा आत, एक कोपरा होता. तिथे त्या उभ्या राहिल्या. हात पुढे करून, एखाद्या टेबलाची लांबी मोजावी तसं त्यांनी हवेत काहीतरी मोजलं. डोळ्यांजवळ चिमूट नेऊन उजेडात धरली. मान नकारार्थी हलवली.

"मिस्त्री!" त्यांनी रिपांच्या मधून वर हाक मारली.

"बोला, बाई!"

"इथे, या कोपऱ्यावर, एक काचेचं कौल बसवता येईल का?"

"येईल की. याच मापाचं मिळतं. पण मधेच काच कशाला?"

"सुईत दोरा ओवायला वरून उजेड लागतो. मशीन इथे राहील माझं. आणि भोवतीच्या खाचा नीट जुळवा. कापडाला डाग पडतो."

वरची चाल थांबली. खाली मिस्त्रीची बायको हातातलं कौल छातीशी धरून तशीच उभी राहिली. ताईने शेजारचं घड्याळ उचललं आणि मांडीवर घेऊन त्याची काच पदराने पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती. काचेवर काही नव्हतं.

शिडीवरून काकांना अर्धंच ऐकू आलं होतं.

"मशीन?" ते वाकून म्हणाले. "कोणाचं मशीन? ताई तर काही शिवत नाही."

मग काकांची नजर ताईच्या मांडीवरच्या घड्याळावर गेली.

"आणि हे घड्याळ का आणलंय तुम्ही? पुन्हा पुढे पळतंय का?"

बाई दारात आल्या. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी वर पाहिलं. ऊन होतं, आणि उन्हात काका: एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत, बाह्यांवर लाल भुकटी.

"बघावे," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. संध्याकाळी घड्याळ उघडून बघायचं, असं मनात नोंदवून ठेवलं. बाकीचं त्यांना नीटसं कळलं नव्हतं. ताई रडतेय की हसतेय, मिस्त्री वर एकदम ती मोठी तान का घेतोय, हे सगळं नंतर सावकाश विचारू, असं त्यांनी ठरवलं.

"काका!" खालून मिस्त्रीची बायको ओरडली. तिने कौल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं होतं, आणि ती नुसती हसत होती. "काका, कौल आला!"

"आलं म्हणा, वहिनी, आलं," काकांनी तिला सुधारलं, आणि हात पुढे केले.